दर शनिवारची बरोबरची खूण

माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते. खालापूरच्या आमच्या छोट्या वाचनालयात कपाटाच्या दाराला आतून एक चिकटवलेली होती: वर्तमानपत्रं लावणे, परत आलेली पुस्तकं तपासणे, झाडांना पाणी, आणि शनिवारी कुलूप लावण्याआधी बॅकअप. झालं की वहीत बरोबरची खूण. तीन वर्षांत एकही शनिवार सुटला नाही. फोनमधले फोटो गेले म्हणून कोणी हळहळलं, की मी लगेच विचारायचे, "कॉपी नाही ठेवली?"

बॅकअप होता आवाजांचा. आसपासच्या गावांतल्या वयस्कर माणसांच्या आठवणी आम्ही रेकॉर्ड करत होतो. त्यात कर्जतकडचे एक आजोबा होते. छप्पन्न साली घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते लहान होते. देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा झाला आणि दुसऱ्या दिवशी आईने तिथे त्यांचं पहिलीचं पुस्तक ठेवलं, हे त्यांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी त्यांच्या मुलीनेही स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला लावून खाटेवर ठेवला होता. ती अंगणवाडी सेविका. आमचा रेकॉर्डर सुरू करण्याआधी मी तिला म्हटलं, "तो बंद करा, मध्येच वाजेल. आमच्याकडे व्यवस्थित राहील."

आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की गं दोनीकडं. एक हरवला तर दुसरा हाय."

मी फोन बंद करायला लावला.

पुढे आजोबा गेले. वर्ष होत आलं तेव्हा मुलीचा फोन आला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात आबांचा आवाज ऐकवायचा होता. वाचनालयाचा कॉम्प्युटर नेमका दोन दिवसांपासून सुरूच होत नव्हता, पण मला काळजी नव्हती. "देते," म्हटलं, आणि कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क घेऊन शिळफाट्याला दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"आतली डिस्क गेली, ताई. बॅकअप हाय ना?"

"दर शनिवारचा आहे," मी ऐटीत म्हणाले.

त्याने माझी डिस्क लावली. तारखांची नावं दिलेली फोल्डरं एकाखाली एक दिसली. त्याने एक उघडलं, दुसरं उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी नुसता शॉर्टकट कॉपी करत होता. हा बाण दिसतोय ना? घराचा पत्ता तेवढा लिहून घेतलात, घर तिकडंच ऱ्हायलं."

सोय म्हणून मीच तो शॉर्टकट स्क्रीनवर ठेवला होता. बॅकअप मी तपासलाही होता, पण त्याच कॉम्प्युटरवर. बाणावर क्लिक केलं की आवाज लागायचा, कारण तो मूळच्याच जागेवरून लागायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदाही लावून पाहिलं नव्हतं. आवाज कॉम्प्युटरवर उतरवले की रेकॉर्डर तर मी प्रत्येक वेळी नेमाने रिकामा करायचे.

बिघडलेली डिस्क पुण्याला पाठवली. तीही तशीच परत आली. तोवर मुलीचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा मी "दुरुस्तीला दिलाय" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लाज वाटते.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी तिच्या घरी गेले.

"या मॅडम. स्पीकर आणून ठेवलाय. लावून बघू या, म्हंजे घोळ नको."

मी उभ्यानेच सांगितलं. शॉर्टकट, बाण, सगळं.

"म्हंजे कायच नाय?"

"नाही. चूक माझी आहे."

मी वहीतली नोंद पुढे केली. गाव, वय, विषय, एक तास दहा मिनिटं, खाली चार ओळींचा सारांश. तिने तो नीट वाचला.

"आबा बोलताना मधीच खोकायचे. ते यात नाय." वही परत देत ती म्हणाली, "मी फोन लावला होता ना त्या दिवशी, मॅडम?"

"हो."

तिने स्पीकरची वायर गुंडाळली आणि ती चहा ठेवायला आत गेली. मला निघताही येईना.

आता शनिवारी मी बॅकअपची डिस्क घरी नेते, माझ्या लॅपटॉपला लावते आणि डिस्क गेल्यानंतर नव्याने जमवलेल्या आवाजांतला एकेक ऐकते. खूण करत नाही. कानावर पडलेलं एक वाक्य वहीत लिहिते. तासभर जातो. जुन्या खुणा खोडलेल्या नाहीत. आजोबांच्या नोंदीसमोर लिहायला माझ्याकडे त्यांचं जसंच्या तसं एकच वाक्य आहे, आणि ते रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीचं आहे.