सोजरबाईंचा अर्धा संदेश

दापोडीत सोजरबाई उजागरेंना कुणी भविष्य विचारलं की त्यांचं टाळकं सरकायचं. "मी काय पोपटवाली हाय का, पिंजरा उघडला आन चिठ्ठी काढली?" असं म्हणून त्या समोरच्याला दारातूनच परत लावून द्यायच्या. तरी लोक यायचेच. म्हाडाच्या सोडतीत घर लागेल का, पोराला आकुर्डीत ॲडमिशन मिळेल का, जावई परमनंट कधी होईल. "परमनंटचं सुपरवायझरला इचार," सोजरबाई म्हणायच्या, "देवाला दुसरी कामं हायेत."

लोकांचंही फार चुकत नव्हतं म्हणा. रेल्वे लाइनलगत, एका फॅब्रिकेशनच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची ख्रिस्ती मंडळी जमते, आणि त्या मंडळीत सोजरबाईंना देवाचा संदेश सांगण्याचं दान आहे हे सगळ्या गल्लीला माहीत. फक्त ते दान म्हणजे काय, हे गल्लीला कळत नव्हतं. तिथं अंगात येणं नसतं, घुमणं नसतं, उद्या काय होणार ते सांगणं तर बहुतेक वेळा नसतंच. सोजरबाई प्रार्थनेला बसायच्या, आणि कधीकधी कुणाएकासाठी एखादी गोष्ट मनावर येऊन बसायची. भाजी निवडताना, नळावर पाणी भरताना, ती उठायचं नावच घ्यायची नाही. तीन दिवस टिकली तरच त्या रविवारी उपासनेत उभ्या राहून बोलायच्या, आणि तेही आपल्या रोजच्या, नगरकडच्या बोलीत. सुरुवात ठरलेली: "मला आसं वाटतंय, तुमी पारखून घ्या." त्यातून माणूस उभा राहिला पाहिजे, त्याला धीर आला पाहिजे, त्याचं दुःख हलकं झालं पाहिजे. यातलं एकही होत नसेल तर तो संदेश नाही, नुसती बडबड, असं त्यांचं शास्त्रावरून, म्हणजे बायबलवरून, काढलेलं साधं गणित होतं.

हे पारखण्याचं वेड त्यांनी आणलं कारखान्यातून. नवरा शांतवन लेथवर होता. नव्वदच्या सुमारास हात सापडला, तीन बोटं गेली. जखम भरली, कंपनीनं परत बोलावलं, पण शांतवन गेलाच नाही. उंबऱ्यात बसून राहिला तो अकरा वर्षं, मरेपर्यंत. पदरात दोन पोरं. सोजरबाई भोसरीच्या एका छोट्या कंपनीत झाडलोट करायला लागल्या, तिथून पॅकिंगला, आणि सातवी पास बाई असून शेवटी तपासणीच्या टेबलावर. दुचाकी गाड्यांचे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, यायचे. भोकात मापाचा गेज घालायचा, एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तर शिक्का. त्या कंपनीत स्वतःचा शिक्का मिळालेली पहिली बाई म्हणजे सोजरबाई, आणि हे त्या आजही कुणी न विचारता सांगतात.

एकदा महिनाअखेर होती, टेम्पो दारात उभा, आणि साहेब म्हणाले, बाई, एवढा लॉट सोडून द्या. सोजरबाईंनी शिक्का कमरेला खोचला. "ज्यानं माल काढला त्यानं चांगला म्हनून भागत न्हाई सायेब. म्हनून तर मला बशिवलंय हितं." टेम्पो दोन तास थांबला आणि लॉटमधून चाळीस खराब नग निघाले. पुढं तेच साहेब पाहुणे आले की त्यांना मुद्दाम ह्या टेबलापाशी आणायचे.

मंडळीतही त्यांनी तोच नियम लावला. संदेश सांगणाऱ्यानं सांगावा, पारखावा दुसऱ्यांनी. रविवारी कुणी काही बोललं की ते वहीत उतरवायचं, आणि बुधवारच्या प्रार्थनेला तिघांनी बसून तपासायचं. शास्त्राला धरून आहे का? धीर देतं की धाक घालतं? आणि बोलणाऱ्याच्या मनातलं काही त्यात मिसळलंय का? बुधवारपर्यंत त्या शब्दावर कुणी पाऊल उचलायचं नाही. मंडळी चालवणाऱ्या पाळकसाहेबांना आधी हे जरा कारखानी वाटलं. पण दोन वर्षांत आजूबाजूच्या मंडळ्यांमधून लोक ही पद्धत बघायला यायला लागले, तेव्हा पाळकसाहेबच ती आपली म्हणून सांगायला लागले. सोजरबाईंनी ते खपवून घेतलं.

पारखणाऱ्यांत एक पाळकसाहेब, दुसरे पीएमटी बसचे रिटायर ड्रायव्हर सोपानराव, आणि तिसरी श्रद्धा. सव्वीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. तिला सोजरबाईंनी हाताला धरून तयार केलेलं. सतराव्या वर्षी ती पहिल्यांदा संदेश सांगायला उठली होती आणि पाच मिनिटं थांबलीच नव्हती. ती खाली बसल्यावर सोजरबाई तिच्या कानात म्हणाल्या, "यातलं देवाचं एक वाक्य व्हतं, बाकी तुझं. आधी गप ऱ्हायला शिक." पोरगी रडली होती, पण पुढच्या रविवारी पुन्हा आली.

आता ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी मागच्या रांगेत नवनाथ बसला होता. बीडकडचा गडी, चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशिनवर. बायको पिंकी मंडळीतली, तिच्या बोटाला धरून तोही वर्षभर येत होता. तीन महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो हात रुमालात गुंडाळून बसायचा. कंपनीनं विचारलं होतं, प्रेसवर परत येतोस की हत्यारं सांभाळायला टूल स्टोअरला बसतोस? येत्या गुरुवारी सकाळी सांगायचं होतं. स्टोअरला बसणं म्हणजे प्रेसवाल्यांच्या लेखी बैल पांजरपोळात घालणं. त्यामुळे नवनाथचं ठरत नव्हतं.

सोजरबाईंच्या मनावर त्याच्यासाठी एक शब्द मागच्या गुरुवारपासून बसला होता. त्या उठल्या. त्या दिवशी "मला वाटतंय" नाही, "पारखून घ्या" नाही. त्यांचा आवाज एकदम चढला. "नवनाथ, देव म्हनतो, भिऊ नको! जिथं हुबा ऱ्हाशील तिथं मी हाय! मशिनवर परत जा!"

हॉलमध्ये 'आमेन'चा गजर झाला. पिंकीचे डोळे भरून आले. नवनाथ मात्र खाली मान घालून बसला, आणि रुमालाची गाठ त्यानं आणखी घट्ट केली. त्याच्या गावाकडं देवानं कौल दिला की संपलं, पुढं माणसानं बोलायचं नाही.

बुधवारी संध्याकाळी खालच्या दुकानाचं शटर पडलं आणि वर पारख बसली. नवनाथ आणि पिंकीही आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत उत्तर द्यायचं होतं. पाळकसाहेबांनी वही उघडली, वाचलं आणि लगेच मिटलीही. "सोजरबाईंचं काय पारखायचं? तीस वर्षांत एक शब्द वाया गेला नाही." सोपानरावांनी मान डोलावली.

"थांबा ना, साहेब," श्रद्धा म्हणाली. कंपनीच्या बसमधून उतरून ती तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र होतं. "मावशी, एक विचारू? 'भिऊ नको, जिथं उभा राहशील तिथं मी आहे', हे तुम्हाला कधी आलं?"

"गुरवारी. प्रार्थनेत. तवापास्नं मनावर व्हतं."

"आणि 'मशिनवर परत जा'?"

सोजरबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"कारण मला ते बसेना," श्रद्धा खाली बघून म्हणाली, पण थांबली नाही. "जिथं उभा राहशील तिथं, म्हटल्यावर परत मशिनच कशाला? स्टोअरला उभा राहिला तर देव तिथं नाही का? पहिल्या वाक्यानं धीर येतो, मावशी. दुसऱ्यानं मला धाक वाटला."

"अगं, कुणाशी बोलतेस?" सोपानराव पुटपुटले.

सोजरबाईंच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. ही कालची पोर! जिला प्रार्थनेत बसायचं कसं ते शिकवलं, ती आज मंडळीच्या चार माणसांत आपल्याला विचारते? "ते बी प्रार्थनेतच आलं" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कुणाची बिशाद नव्हती पुढं विचारायची. प्रार्थनेत काय आलं याला देव सोडून साक्षीदार कोण? तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि नवनाथ उद्या प्रेसवर गेला असता.

पण वर्षानुवर्षं दुसऱ्याचा माल परत पाठवलेल्या बाईला आपला खराब नग ओळखू येणार नाही, हे शक्यच नव्हतं. ते वाक्य कधी आलं ते सोजरबाईंना पक्कं ठाऊक होतं. बोलता बोलता त्यांची नजर त्या रुमालावर गेली, आणि अंगातून संतापाची तिडीक उठली होती. ती तिडीक त्यांच्या ओळखीची होती. अकरा वर्षं रोज सकाळी डबा भरताना, उंबऱ्यात बसलेल्या माणसाच्या पाठीकडं बघून उठायची तीच.

"न्हाई," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "त्ये देवाचं न्हाई. त्ये माझं हाय. नवनाथ, मी तुला बोललेच न्हाई रे बाबा. मी माझ्या मालकाला बोलले. अकरा वर्सं रोज म्हनत व्हते, मशिनवर परत जा, मशिनवर परत जा. त्यो मेला तरी माझं म्हननं संपलं न्हाई बघ. आन वर देवाचं नाव लावलं."

पाळकसाहेब वहीकडं बघत राहिले. नवनाथ उठला, मंडळीच्या रीतीनं "सलाम मावशी" म्हणाला आणि पिंकीला घेऊन जिना उतरून गेला. उद्या तो काय सांगणार, कुणाला कळलं नाही, आणि सोजरबाईंनी विचारलंही नाही. त्यांनी पेन मागितलं, दुसऱ्या वाक्यावर स्वतःच्या हातानं काट मारली, आणि ज्या पोरीनं ती मारायला लावली तिचं नाव पाळकसाहेबांना शेजारी लिहायला लावलं. श्रद्धा जवळ आली. "मावशी, रागावलात?"

"लई," सोजरबाई म्हणाल्या. "घरापत्तूर जाईल."

राग घर यायच्या आधीच गेला. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या रुक्मिणीबाई भेटल्या, तर सोजरबाईंनी त्यांना हाताला धरून थांबवलं. "आज माझ्या पोरीनं माझंच बोलनं रिजेक्ट केलं!" रुक्मिणीबाईंना वाटलं भांडण झालं. "आवं भांडान कशाचं? साधं डगमगली न्हाई. सोपानराव दटावत व्हते तरी बोलली. आसं मानूस तयार करायला जल्म जातो, रुक्मिणीबाई!" हीच वार्ता त्यांनी किराणावाल्याला सांगितली, मोठ्या मुलाला फोन करून सांगितली, आणि गुरुवारी पिंपरी कॅम्पात साडी घ्यायला गेल्यावर तिथल्या दुकानदारालाही सांगितली. ती साडी श्रद्धासाठीच होती.

रविवारी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. "मागच्या रविवारी मी देव म्हनतो म्हनले. निम्मं देवाचं व्हतं, निम्मं माझं. तुमी सगळे आमेन म्हनला, मी बी मनात म्हनले. येकीनं तेवढं वळखलं. ऊठ गं." श्रद्धा लाजून अर्धवटच उठली. "नीट हुबी ऱ्हा! बघून घ्या हिला. मी मेल्यावर बी ह्या मंडळीत खोटं काय खपायचं न्हाई." आयुष्यात त्यांचे पुष्कळ संदेश खरे ठरले होते, पण एवढ्या ताठ मानेनं त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

तेवढ्यात मागून नवनाथ उठला. तो मंडळीत कधीच बोलला नव्हता. "म्या स्टोअर घेतलं," तो म्हणाला. "मशिनची भीती व्हतीच. पर त्या रविवारपास्नं मला देवाची जास्त भीती वाटाय लागली व्हती. झोप न्हाई, अन्न न्हाई. बुधवारी ती गेली." तो बसायला लागला, पण पुन्हा सरळ झाला. "मावशी, आजून येक. मला बोलाय येत न्हाई, पर चार दिस झाले डोक्यातनं जाईना. तुमचे मालक आळसानं बसले नव्हते. जखम भरल्यावर पयल्या दिवशी मी प्रेसपातूर गेलो व्हतो. मन म्हनतं पुढं हो, पर हातच उचलत न्हाई. त्येंचा बी उचलत नसंल. तेवढं सांगायचं व्हतं."

सोजरबाई खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. मंडळीतल्या कित्येकांना त्यांनी रडवलं होतं, त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. श्रद्धानं पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मागं वळून नवनाथला म्हणाल्या, "आज जेवायला ये घरी. पिंकीला बी आन. माझे मालक लेथवर कसे व्हते ते सांगते तुला. उभ्या दापोडीत त्यांचा हात धरनारा येक गडी नव्हता."