नसलेला ब्रेक

गाडी धुताना बायकोच्या सीटपुढची रबरी चटई उचलली, तर उजव्या पायाच्या जागी ती पार झिजून गेलेली. तिला गाडी चालवता येत नाही. पण मी ओव्हरटेकला निघालो की ती तिथं नसलेला ब्रेक दाबते. रस्त्यावरच्या किती गाड्यांत असा ब्रेक मुकाट्यानं दाबला जात असेल! चालक धोका का पत्करतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. खरं सांगतो, ती घाबरते हे मला ठाऊक होतं. मला त्यात मौज वाटायची.

काल घाटात ट्रकच्या मागेच राहिलो.

"बरं वाटत नाहीये का हो?" तिनं विचारलं.

"बरा आहे गं. जाऊ दे त्याला पुढं."

"देव पावला!"

दोन वळणांनंतर पाहिलं, तर बाईसाहेब चक्क घोरत होत्या.