शपथ न घेणारी सिस्टर

दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरना सगळे पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणत. कारण एकच, त्यांच्या खोलीत नातेवाइकाला प्रवेश नाही. मग तो साखरेत घोळलेला का असेना! साखरेत घोळलेल्यांना तर त्या आधी बाहेर काढत.

त्या दिवशी काकूंना घेऊन आलेला पुतण्या असलाच होता. काकू शिवणाच्या निवृत्त शिक्षिका, नडगीवर चिघळलेली जखम. सिस्टर विचारत काकूंना, उत्तर देई हा.

“जेवण जातं का नीट?”

“भरपूर!”

“भाऊ, जखम तुम्हाला झालीय की त्यांना?” असं म्हणून सिस्टरांनी त्याची बाहेर रवानगी केली आणि कडी लावली.

काकूंची बाही सरकली, तर मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ.

“पडले गं,” काकू म्हणाल्या.

सिस्टर जखम पुसू लागल्या. बाहेर रांग असली तरी हात संथ चालवायचा, ही त्यांची खोड. पट्टी संपत आली तशा काकूच रडू लागल्या. “खोलीत कोंडतो. घर नावावर कर म्हणतो. पण कुणाला सांगायचं नाही, शपथ घे.”

‘नाही हो सांगत’ हे शब्द सिस्टरांच्या अगदी ओठांवर आले. समोर माणूस रडत असलं की जीभ अशीच सैल सुटते. त्यांनी ते गिळले.

“ती शपथ नाही घेणार, काकू. गप्प बसले तर मीही त्यालाच साथ दिल्यासारखं होईल. दवाखान्याच्या समाजसेविकेला सांगावंच लागेल. पण तुमच्यासमोर सांगेन. आणि पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं.”

काकू रागानं तोंड फिरवून बसल्या. सिस्टरांनी दाराच्या कडीकडे पाहिलं. या आत्ता उठून गेल्या, तर परत कोंडल्या जाणार.

“मी ठरवायचं?” काकूंनी मान वळवून विचारलं.

“तुम्हीच.”

“मग बोलाव तिला.”

समाजसेविका मागच्या दारानं आली, सगळं ऐकून घेतलं, काकूंना विचारून पोलिसांना फोन लावला. बाहेर पुतण्या दारावर थापा मारत होता. काकूंनी केस सारखे केले आणि स्वतःच कडी काढली.

“काकू, चला घरी.”

“जाणारच आहे. घर माझं आहे. तू यायचं नाहीस. किल्ली दे.”

सगळा व्हरांडा बघत होता. पुतण्यानं इकडंतिकडं पाहिलं. काकूंनी पुढं केलेला हात तसूभर खाली आला नाही. शेवटी मुकाट्यानं किल्ली निघाली. सिस्टरांना इतका आनंद झाला की त्या चक्क टाळी वाजवून बसल्या.

पोलीस येईपर्यंत काकू बाकावर ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, “कुलूप बदलणारा जवळपास कुठं मिळेल हो?”