डावी बाजू आधी

आमच्या गावातला न्हावी नेहमी डावीकडून सुरुवात करतो. शॉमबर्ग या अमेरिकन शहरापासून दोन तासांवर, मक्याच्या शेतांमधलं हे गाव. इथे पगारी अग्निशामक दल नाही; न्हाव्यासारखे गावकरीच स्वयंसेवक म्हणून आग विझवायला धावतात. कमरेचा पेजर वाजला की हा कात्री ठेवतो, "बसून राहा, आलोच," म्हणतो आणि पळतो. डावी बाजूच कापलेला माणूस रस्त्यात दिसला की कुठेतरी आग लागली आहे, हे गावाला कळतं. कुणी हसत नाही. अर्धवट राहिलेलं डोकं पुरं केल्याशिवाय तो दुकान बंद करत नाही. एकदा त्याने एका शेतकऱ्याला चर्चच्या पार्किंगमध्ये गाठून उजवी बाजू कापली.

गेल्या शनिवारी सकाळी माझी डावी बाजू झाली आणि पेजर वाजला. तो तासाभराने परतला. डोळे लालबुंद, नाक वाहतंय, पण चेहरा खूश.

"मोठी आग होती?" मी विचारलं.

"आग नव्हती. तुझी आई होती."

महिन्यापूर्वी नागपूरहून आलेली आई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. धूर पाहून शेजारणीने दलाला फोन केला, कारण मागच्या वर्षी याच स्वयंसेवकांनी तिचं कोठार वाचवलं होतं. न्हावी आणि त्याचे तिघे साथीदार हेल्मेट घालून आत शिरले, तर आईने आधी बूट काढायला लावले आणि मग भाकरी-ठेचा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

त्याने कात्री उचलली.

"पुढच्या वेळी भाजण्याआधी आम्हाला कळवायला सांग."

"सॉरी, उगाच धावपळ झाली तुमची."

"तसं नाही. आज आमच्यातले दोघं शेतावर होते. त्यांचा ठेचा हुकला."