लाल रुमाल

कात-चुन्याचा वास आला की अजून माझे हात गार पडतात. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं तेव्हा मी नामपल्लीच्या एका अतिथीगृहात सरकारी कारकून होतो. आम्हा मराठी नोकरांना कुठल्या राज्यात टाकणार, तो हुकूम यायचा होता. अशात तीन-चार देशांत नोकरी करून आलेले एक चिनी राजदूत उतरले. जेवणानंतर मी रिवाजाप्रमाणे त्यांना विडा दिला. थोड्या वेळाने ते खोकले आणि तोंडाला लावलेला पांढरा रुमाल लालभडक झाला. त्यांचा सचिव ओरडत उठला. बंदोबस्तावरच्या फौजदाराने माझं मनगट पकडलं, ‘इनकू क्या खिलाए, मियाँ?’ राजदूतांनी हसत दुभाष्याकडून सांगितलं, ‘सोडा त्यांना. मी ब्रह्मदेशात होतो, तिथे रोज पान खायचो.’ सगळे पांगल्यावर त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘अजून का घाबरताय?’ मी म्हणालो, ‘बदलीचा हुकूम यायचाय, साहेब. त्यात हे.’ त्यांनी दाराकडे बघितलं, आवाज उतरवला. ‘मलाही एका हुकमाची भीती वाटते. मायदेशी परत बोलावल्याच्या.’ मला पुढे इथेच राहायचा हुकूम आला, हैदराबादेतच म्हातारा झालो. त्यांना कुठला आला, ते कधी कळलं नाही.