मामांचं नाक

भंगाराच्या शेडमध्ये मामांचं टेबल दाराजवळ होतं. प्लास्टिकची जात ठरवायची ती तिथे. तळाशी त्रिकोणात आकडा असला की काम सोपं. पाण्याची बाटली एका पोत्यात, दह्याचा डबा दुसऱ्यात. आकडा नसला की मामा तुकडा बादलीत टाकत. तरंगला तर डब्या-झाकणांच्या भावकीतला. बुडाला तर टोक काडीने पेटवायचं, विझवायचं आणि हुंगायचं. त्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि नेमकं तेच नाक मागच्या तापात गेलं. मामांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. टेबल गेलं तर पोती उचलायची, आणि कंबर तर केव्हाच रुसलेली.

मामी पलीकडच्या टेबलावर झाकणं निवडत. त्या दिवशी मालकीणबाई दोन काळे तुकडे घेऊन आल्या.

"मामा, हे एकत्र वितळले तर सगळा माल बाद. कोणता काय, तेवढं सांगा."

दोन्ही बुडाले. पहिला पेटवला तशा काजळीच्या जाळ्या उडाल्या.

"हा पॉलिस्टायरीन," मामा सुटल्यासारखे म्हणाले.

दुसऱ्याने मात्र काजळीच धरली नाही. मामांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले. काही नाही. पुन्हा हुंगला. मालकीणबाई वाट बघत उभ्या.

"अहो, काय जाळताय ते!" मामी तिकडून कडाडल्या. "केस जळल्यासारखा वास सुटलाय नुसता!"

"नायलॉन," मामा घाईघाईने म्हणाले.

मालकीणबाई समाधानाने वळल्या. मामांना मात्र राहवेना.

"बाई, माझं नाक गेलंय. आत्ता ओळखलं ते हिने."

मामींनी कपाळावर हात मारला. "मी झाकायला बघते आणि हे आले मोठे खरं बोलणारे!"

मालकीणबाई हसू लागल्या. "मामी, स्टूल घ्या इकडे. हात त्यांचे, नाक तुमचं."

"घरी तोंड बघते तेवढं पुरे नाही का?" मामी पुटपुटल्या, पण स्टूल तोवर उचललंही होतं.

मामांनी सरकून जागा केली. हळूच विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"सकाळी दूध करपलं होतं. त्याचा चहा पिऊन 'फक्कड' म्हणालात. इतक्या वर्षांत चांगल्या चहाला कधी म्हणाला नाहीत!"