वाढलेली बाही

सकाळचे साडेसात. शिवणमावशींनी नवऱ्याचा डबा भरून झाकण दाबलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"अहो, बघा ना कोण आहे."

"माझा एकच मोजा चढलाय अजून. आणि तुझंच गिऱ्हाईक असणार, बस ड्रायव्हरकडे कोण येतंय!"

दारात वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातली आठ वर्षांची धाकटी मुलगी. हातात पिशवी, पिशवीत शाळेचा फ्रॉक. "मावशी, आईने सांगितलंय, बाह्या मनगटापर्यंत करून द्या."

"परत? अगं, एवढ्या उकाड्यात?"

मुलीने पिशवी पुढे केली.

मावशींचा तीस वर्षांचा शिरस्ता होता: जुन्या मापावर विसंबायचं नाही, कात्री उचलण्याआधी नव्याने माप घ्यायचं. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. त्यांनी टेप खांद्याला लावला, तशी मुलीने तापल्या इस्त्रीला लागावा तसा हात आखडून घेतला. मावशींनी टेप खाली घेतला. उंची घेतली, छाती घेतली, लिहिली, आणि लिहिता लिहिता थबकल्या.

पानावर एकाच वर्षातल्या तीन नोंदी होत्या. बाही आधी दंडापर्यंत, मग कोपराखाली, आता मनगटाला. उंची मात्र तीच, छातीही तीच. वाढत्या मुलीचा फ्रॉक आधी उंचीला तोकडा पडतो, हे शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. नुसते हात कुणाचे वाढत नाहीत. आणि मागच्या खेपेला त्याच हसून म्हणाल्या होत्या, "हात लांब होतायत गं तुझे, छताला पोचशील!" त्यांनी वही खाली ठेवली.

"कोण मारतं?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलीने वर छताकडे पाहिलं. वर तिच्या बापाची पावलं वाजत होती.

नवऱ्याने दुसरा मोजाही चढवला. "चल, मी येतो बरोबर. आजचा दिवस बस दुसरा कुणी हाकेल."

पोलीस ठाण्यातला अंमलदार काही वाईट माणूस नव्हता. पाणी विचारलं, अर्ज पुढे ओढला. "मुलीशी नातं?"

"कपडे शिवते तिचे."

"ते नातं नाही हो, बाई. हा रकाना रिकामा राहिला तर अर्ज पुढे सरकत नाही. आईवडिलांना घेऊन या."

"वडिलांना? म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या द्या म्हणताय!"

"नियम मी केलेला नाही."

मावशी वर गेल्या, तर मुलीच्या आईने दार जेमतेम उघडलं, "पडली ती" एवढंच म्हणाली आणि लावून घेतलं. मावशी ठाण्यात आणखी चार वेळा गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी. नवव्या दिवशी मुलीचा हात दोन ठिकाणी मोडला. मग इस्पितळातल्या डॉक्टरने कळवलं, आणि त्याच संध्याकाळी पोलीस आले. डॉक्टरला नातं कुणी विचारलं नाही.

मुलगी आता आजीकडे असते. हात सांधला, पण कोपर पुरता सरळ होत नाही. तिच्या उजव्या बाहीचं माप मावशी वेगळं लिहितात.

त्यानंतर तीन वर्षं मावशींनी दिसेल त्या कचेरीला पत्रं धाडली, प्रत्येक पत्राला वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडून. नवरा पाकिटं चिकटवून द्यायचा. "लग्नाआधी मला एक चिठ्ठी नाही लिहिलीस कधी!" म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, नसती उठाठेव. मावशी म्हणायच्या, नऊ दिवस उठाठेव कमी पडली माझी.

शेवटी सरकारने बालसंरक्षणाचा कायदा बदलायला घेतला आणि लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसली. मावशींच्या आधी तीन वकील बोलले. शिक्षा किती वाढवावी यावरच बराच वेळ गेला. मावशींना दोन मिनिटं मिळाली.

"बोला, बाई," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या मते शिक्षा किती हवी?"

मावशींनी वही उघडून टेबलावर ठेवली.

"शिक्षेचं तुम्ही जाणकार ठरवा, साहेब. माझं एवढंच मागणं आहे. अर्जातला तो नात्याचा रकाना काढून टाका. मूल मार खातंय असं सांगायला कुणीही येऊ दे, शिंपीण येऊ दे नाहीतर ड्रायव्हर, त्याच दिवशी ठाण्यातल्या कुणीतरी जाऊन त्या मुलाला बघून यावं."